पेन्सिलीची फुली: नेब्रास्कातील एका रँचचा जुना नकाशा आणि हरवलेले बोअर

पार्श्वभूमी

नेब्रास्का राज्याच्या उत्तर आणि पश्चिम भागात सँडहिल्स नावाचा प्रदेश आहे. सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या वाळूच्या टेकड्या केवळ गवतामुळे जागच्या जागी राहिल्या आहेत. गवत सुटले की वारा वाळू उकरू लागतो आणि टेकडीच्या अंगाला मोठा खळगा पडतो, त्याला तिथले लोक ‘ब्लोआउट’ म्हणतात. ही जमीन नांगराखाली घेण्यासारखी नसल्यामुळे इथे मुख्य धंदा गुरे पाळण्याचाच आहे, आणि एकेका रँचचा पसारा हजारो एकरांचा असतो. वरून कोरड्या दिसणाऱ्या या मुलखाखाली ओगलाला जलधराचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भूगर्भातल्या थराचे, विपुल पाणी आहे. सखल भागात ते इतके वर असते की लोखंडी पाइप खाली घालायचा, त्यावर पवनचक्की उभी करायची आणि पाणी गुरांच्या टाकीत सोडायचे, ही व्यवस्था शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे.

माणसे इथे आली ती सरकारी जमिनीच्या आशेने. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत असत, परंतु सँडहिल्समध्ये तेवढ्या जमिनीवर एका कुटुंबाचा निर्वाह होईल इतकी गुरे चरू शकत नाहीत. म्हणून १९०४ मध्ये मोझेस किंकेड या लोकप्रतिनिधीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि पश्चिम नेब्रास्कातील ३७ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ६४० एकर, म्हणजे एक मैल लांब आणि एक मैल रुंद असा पूर्ण ‘सेक्शन’, मागता येऊ लागला. पाच वर्षे तिथे राहायचे आणि एकरी सव्वा डॉलरच्या सुधारणा करून दाखवायच्या, अशी अट होती. लोक आले, मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या ढेपांची घरे त्यांनी बांधली, बोअर घेतले, आणि त्यांतले बरेचसे काही वर्षांत जमीन शेजारच्या रँचवाल्याला विकून निघून गेले. आज एकसंध दिसणारा रँच अशा कित्येक उठलेल्या बिऱ्हाडांचा मिळून झालेला असतो, आणि जिथे बिऱ्हाड होते तिथे बोअर होता हे धरून चालावे लागते.

ज्या रँचविषयी हे प्रकरण आहे तो सुमारे १९ सेक्शनांचा, म्हणजे १२,००० एकरांच्या आसपासचा आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, काउंटी आणि नकाशाच्या पत्रकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. आजोबा वारल्यानंतर कारभार नातीकडे आला. तिने चराई आणि गवताची कापणी एका भाडेकरूला दिली होती. आजी काउंटीच्या गावातील वृद्धनिवासात राहायला गेली होती. मी याच राज्यात नकाशे आणि जीआयएसचे, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचे, काम करतो, आणि ओळखीतून या कामात शिरलो. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या मोठ्या दोन माझ्याच आहेत.

अडचण

जुलै महिन्यात ओलसर कुरणातले गवत कापताना भाडेकरूच्या यंत्राचे पाते एका लोखंडी पाइपला धडकले. पाते मोडले, त्याचे फारसे काही नाही. पण गवत बाजूला केल्यावर जमिनीपासून वीतभर वर आलेला, तोंड उघडे असलेला गंजका केसिंग पाइप दिसला. त्याने खडा आत टाकला, तेव्हा क्षणात पाण्याचा आवाज आला. या पाइपविषयी नातीला काहीच माहीत नव्हते.

उघड्या बोअरचा धोका मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. इथला पाइप मूल आत पडेल इतका रुंद नव्हता, मात्र घोड्याचा किंवा वासराचा पाय अडकेल इतका नक्कीच होता. त्याहून गंभीर बाब अशी की असा पाइप म्हणजे वरची घाण थेट जलधरात नेणारी नळी असते. नेब्रास्कात वापरात नसलेला बोअर परवानाधारक ठेकेदाराकडून रीतसर बंद करून घ्यावा लागतो: खाली स्वच्छ वाळू किंवा खडी, वर फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीचा बूच, केसिंग जमिनीखाली काही फुटांवर कापायचे आणि मग माती. या खर्चाचा काही भाग ‘नॅचरल रिसोर्सेस डिस्ट्रिक्ट’ म्हणजे एनआरडी देते. राज्यात अशा २३ संस्था असून १९७२ पासून त्या नदीखोऱ्यांच्या हद्दी धरून काम करतात. अर्जात मात्र प्रत्येक बोअरची जागा नेमकी द्यावी लागते, आणि ठेकेदार लांबून येणार असल्याने एकेक बोअर सापडेल तसा त्याला बोलावणे परवडणारे नव्हते. यादी आधी पूर्ण करणे भाग होते.

सरकारी नोंदींचा उपयोग झाला नाही. १९९३ पूर्वी घेतलेल्या घरगुती आणि गुरांसाठीच्या बोअरची नोंदणी या राज्यात सक्तीची नव्हती, आणि आम्ही शोधत होतो ते सगळे त्याआधीचे. त्यामुळे प्रश्न असा उरला: १२,००० एकर गवतात, कागदावर कुठेही नसलेले, हाताच्या पंजाएवढे तोंड असलेले पाइप किती आणि कुठे?

स्वयंपाकघरातला नकाशा

कुटुंबाकडे एक नकाशा होता. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने, म्हणजे यूएसजीएसने, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला छापलेले १:२४,००० प्रमाणाचे हे स्थलनिर्देशक पत्रक होते. आपल्याकडच्या टोपोशीटीसारखेच, पण त्याहून मोठ्या प्रमाणाचे. अशा पत्रकावर साडेसात मिनिटे अक्षांश आणि साडेसात मिनिटे रेखांश एवढा प्रदेश येतो. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, घरे, शाळा, नावे आणि पवनचक्क्या काळ्या. सेक्शनच्या रेषांची चौकट सगळ्यावर टाकलेली असते. सँडहिल्समध्ये समोच्च रेषा सरळ शहाण्यासारख्या जात नाहीत. टेकड्यांच्या खळग्यांमुळे त्या जागोजाग स्वतःतच मिटतात, आणि पत्रक कोणी बोटांचे ठसे उमटवल्यासारखे दिसते. त्या ठशांच्या गर्दीत मैल-दीड मैलाच्या अंतराने ‘विंडमिल’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. या रँचच्या हद्दीत तो १७ ठिकाणी होता.

पत्रक आठ घड्या घालून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलेले होते. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली होती, ती मधासारखी पिवळी पडली होती. एका कोपऱ्यात कपाच्या बुडाचे गोल डाग होते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आजोबांनी त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या: कुंपणाची फाटके, एका ओढ्याचा बदललेला प्रवाह, आणि छापील पवनचक्क्यांखेरीज ११ लहान वर्तुळे. त्यांपैकी पाच साधी होती आणि सहांवर फुली मारलेली होती. शिवाय एके ठिकाणी वर्तुळाविना नुसतीच एक फुली होती. या खुणांचा अर्थ कुठेही लिहिलेला नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे घोड्यावरून किंवा चारचाकीतून सगळा रँच पायाखाली घालणे. भाडेकरूचा कल याकडे होता, कारण जमीन त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती. परंतु ज्या पाइपवर त्याचे पाते मोडले त्याच्या शेजारून तो कित्येक हंगाम गेला होता, त्यामुळे केवळ नजरेवर विसंबणे पुरेसे नव्हते.

दुसरा पर्याय कागदाला हातच न लावण्याचा होता. यूएसजीएसने १८८४ ते २००६ या काळातली आपली १,७८,००० हून अधिक पत्रके स्कॅन करून मोफत उपलब्ध करून दिली आहेत. आमच्या पत्रकाची मूळ आवृत्ती त्यात होती आणि हवाई छायाचित्रांवरून सुधारलेली नंतरची आवृत्तीही होती. ही स्कॅने आधीच अक्षांश-रेखांशांना बांधलेली असतात. उणीव उघड होती: त्यांत आजोबांच्या खुणा नाहीत. आणि छापील पत्रक फक्त त्या वेळी उभ्या असलेल्या पवनचक्क्या दाखवते. किंकेड काळात घेतलेला आणि १९३० च्या आसपास सोडून दिलेला बोअर त्यावर येण्याचे काही कारणच नव्हते.

तिसरा पर्याय जुन्या हवाई छायाचित्रांचा होता. कृषी खात्याने १९३० च्या दशकापासून या भागाची छायाचित्रे घेतली आहेत, आणि पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या गुरांच्या पायवाटा त्यांत चाकाच्या आऱ्यांसारख्या एका बिंदूकडे धावताना दिसतात. चक्की पडल्यानंतरही या वाटा बरीच वर्षे पुसल्या जात नाहीत. छायाचित्रे मिळवायला वेळ लागणार होता म्हणून हा पर्याय आम्ही पुरवणीसारखा मागे ठेवला.

चौथा पर्याय, आणि आम्ही निवडलेला, म्हणजे स्वयंपाकघरातले पत्रक स्कॅन करून त्यावरच्या सर्व खुणा उपग्रहचित्रावर बसवणे आणि मग धातुशोधक यंत्र घेऊन प्रत्येक जागी जाणे. पाचवा पर्याय त्या दिवशी कोणी मांडलाच नाही. तो म्हणजे आजीला विचारणे. तिचे वय नव्वदीच्या पुढे होते आणि नातीला तिला त्रास द्यायचा नव्हता. शिवाय, प्रामाणिकपणे सांगायचे तर, हातात नकाशा असताना माणसाला विचारावेसे मला वाटले नाही.

कागदाचा निर्णय

स्कॅन करण्याआधी घड्या सपाट करायच्या होत्या. एका कागद-संवर्धकाने सुचवले की पत्रक दमट हवेच्या बंद पेटीत ठेवून तंतू सैल होऊ द्यावेत आणि मग दाबाखाली वाळवावे. जुन्या नकाशांसाठी ही नेहमीची पद्धत आहे. सुदैवाने त्याने आधी एका खुणेच्या कडेला ओलसर कापसाचे टोक टेकवून पाहिले. राखाडी रेघेतून तत्काळ जांभळा रंग फुटला. आजोबांनी काही खुणा साध्या शिशाने केल्या होत्या, पण वर्तुळे मात्र कॉपिंग पेन्सिलीने केली होती. जुन्या पावत्यांवर असायची तीच ही पेन्सिल, ओल लागली की जिचा रंग शाईसारखा पसरतो. दमट पेटीत ती ११ वर्तुळे ११ जांभळे डाग झाली असती.

म्हणून ओल टाळली. पत्रक नुसतेच काचेखाली काही आठवडे दाबून ठेवले, आणि चिकटपट्टीही काढली नाही, कारण दोन वर्तुळे तिच्याखाली होती. रूळांमधून कागद ओढणारे यंत्र घडीवर फाटेल या भीतीने सपाट काचेच्या यंत्रावर तुकड्या-तुकड्यांनी स्कॅन केले. घड्यांचे उंचवटे पूर्ण गेले नाहीत, पण खुणा शाबूत राहिल्या. या संपूर्ण कामात एकही तक्रार नसलेला निर्णय हा एवढाच, आणि तो माझा नव्हता.

झेंड्या उगवतीला का पडल्या

स्कॅन केलेले चित्र जमिनीवर बसवण्यासाठी मी पत्रकाचे चार कोपरे आणि दर अडीच मिनिटांवर छापलेल्या मधल्या खुणा, असे एकूण १६ बिंदू घेतले आणि समासात छापलेले अक्षांश-रेखांश टंकले. संगणकाने हिशेब करून उरलेली चूक ५ मीटरच्या आत असल्याचे दाखवले. ७० वर्षे घडीत राहिलेल्या कागदाच्या मानाने हा आकडा फारच चांगला होता, आणि त्यानेच मला गाफील केले. ती ‘चूक’ फक्त १६ बिंदू एकमेकांशी किती जुळतात हे सांगते. सगळे मिळून एकाच दिशेला सरकले असतील तर तिला त्याचा पत्ता लागत नाही.

छापील १७ पवनचक्क्यांपैकी आठ आजही चालू आहेत, काहींवर पंख्याऐवजी सौरपट्ट्या आल्या आहेत एवढेच. उरलेल्या नऊ जागी काही उभे नव्हते. आम्ही सर्वच जागी, आणि पडताळणीसाठी उभ्या चक्क्यांपाशीही, फोनवरच्या जीपीएसने तारेच्या लहान झेंड्या रोवल्या. प्रत्येक झेंडीभोवती २५ मीटरच्या वर्तुळात धातुशोधक फिरवायचा असे ठरले. दोन दिवसांत नऊपैकी फक्त दोन पाइप मिळाले, तेही जुन्या टाकीचा पत्रा लांबून दिसला म्हणून.

उभ्या चक्क्या झेंडीपासून तीस-पस्तीस मीटर दूर होत्या हे मला दिसत होते. मी त्याचे कारणही शोधून ठेवले होते: बोअरचे पाणी कमी झाले किंवा पाइप वाळूने भरला की रँचवाले शेजारीच नवा बोअर घेतात, म्हणून चक्की मूळ जागेवरून थोडी हलली असणार. कारण खोटे नव्हते, असे घडतेही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाडेकरू म्हणाला, “तुमच्या सगळ्या झेंड्या चक्कीच्या उगवतीला आहेत. प्रत्येक वेळी नवा बोअर मावळतीलाच घ्यायचा असा काही नियम आहे का इथे?”

नियम नव्हता. चूक होती ती संदर्भ-चौकटीची, जिला आम्ही ‘डेटम’ म्हणतो. १९५० च्या दशकातली अमेरिकन पत्रके १९२७ च्या उत्तर अमेरिकन डेटमवर आधारलेली आहेत, आणि त्या डेटमचा मूळ बिंदू, योगायोग असा की, कॅन्सस राज्यातील ऑसबोर्न काउंटीत मीड्स रँच नावाच्या कुरणात आहे. फोनचे जीपीएस उपग्रहांवर आधारलेली वेगळी चौकट वापरते. दोन्हींत तोच आकडा लिहिला तरी जमिनीवरची जागा एक येत नाही. सँडहिल्सच्या या भागात हा फरक उत्तर-दक्षिण जवळजवळ नाही आणि पूर्व-पश्चिम सुमारे ३५ मीटर आहे. मी समासातला जुना आकडा जसाच्या तसा नव्या चौकटीत टंकला होता, म्हणून सगळा नकाशा पूर्वेला सरकला. महाराष्ट्रातल्या जुन्या टोपोशीटी जीपीएसशी जुळवून पाहिलेल्यांना हा अनुभव असेल, कारण तिथे जुन्या चौकटीचा मूळ बिंदू मध्य प्रदेशातील कल्याणपूरला आहे आणि तिथलाही आकडा थेट फोनमध्ये घालून चालत नाही.

लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. मोफत मिळणाऱ्या सुधारित आवृत्तीच्या समासात बारीक अक्षरांत सूचना छापलेली होती की १९८३ च्या डेटमवर (फोनच्या चौकटीशी जवळपास जुळणारा तो हाच) यायचे असेल तर अक्षांश-रेखांशांच्या रेषा इतके मीटर पूर्वेला सरकवाव्यात, म्हणजेच त्यांच्या मानाने नकाशा तेवढा पश्चिमेला घ्यावा, आणि कोपऱ्यांत तशा तुटक खुणाही दिलेल्या होत्या. ती आवृत्ती मी पहिल्याच दिवशी उतरवून घेतली होती आणि तिचा फक्त जांभळा रंग पाहिला होता, कारण यूएसजीएस हवाई छायाचित्रांवरून केलेल्या सुधारणा जांभळ्यात छापत असे आणि मला नव्या चक्क्या हव्या होत्या. समास मी वाचलाच नव्हता.

फुलीचा अर्थ

आमची दुसरी चूक पहिलीच्या आडोशाला लपून राहिली होती. वर्तुळावर फुली म्हणजे ‘बंद केलेला बोअर’ असा अर्थ आम्ही धरला होता. खोडून टाकलेले ते संपलेले, हा आपला रोजचा संकेत आहे. त्यामुळे सहा फुल्यांच्या जागा शोधाच्या यादीतच घेतल्या नव्हत्या. ज्या पाइपने प्रकरणाची सुरुवात झाली तो मात्र उघडा होता, आणि तो फुलीवर असता तर हा अर्थ पहिल्याच दिवशी कोसळला असता. आम्ही तपासलेही होते. जवळची फुली त्या पाइपपासून ४८ मीटर पूर्वेला होती, म्हणजे आमच्या २५ मीटरच्या मर्यादेबाहेर, म्हणून पाइप ‘नकाशावर नसलेला’ अशी नोंद झाली.

नकाशा पश्चिमेला सरकवल्यावर तेच अंतर १३ मीटरवर आले. ४८ मीटरवरही शंका यायला हवी होती, हे नंतर सुचले. यूएसजीएसचा अचूकतेचा निकष असा आहे की या प्रमाणाच्या पत्रकावर ठळक बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू ४० फुटांच्या, म्हणजे सुमारे १२ मीटरच्या आत असावेत. मी ती मोजपट्टी मनात धरून थोडी सैल केली आणि पेन्सिलीलाही लावली. पण १:२४,००० प्रमाणात ३ मिलिमीटरचे वर्तुळ जमिनीवर ७२ मीटर रुंद होते. स्वयंपाकघरात उभ्याने, अंदाजाने काढलेल्या खुणेकडून छापखान्याच्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे गैर होते.

आता आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. फुली म्हणजे उघडा बोअर, असा नवा अर्थ धरून सातही फुल्या यादीत घातल्या, त्यात वर्तुळाविना असलेली फुलीही आली. ठेकेदाराची तारीख ठरली. त्याच आठवड्यात नातीने, बहुधा माझ्यापेक्षा जास्त शहाणपणाने, स्कॅनची मोठी प्रत छापून आजीपुढे ठेवली. आजीने भिंग मागून घेतले आणि एकेका खुणेवर बोट ठेवत गेली. साधे वर्तुळ म्हणजे नकाशा आल्यानंतर आजोबांनी घेतलेला नवा बोअर. फुलीविषयी ती म्हणाली, “पंखा उतरवून दुसरीकडे नेला, की फुली. भोक कोण बुजवत बसतंय? फळी टाकायचे, वर दगड.”

वर्तुळाविना असलेल्या फुलीपाशी तिचे बोट थांबले. तिथे बोअर कधीच नव्हता. किंकेडच्या काळात त्या सेक्शनवर राहिलेल्या एका कुटुंबाचे लहान मूल तिथे पुरलेले आहे. लाकडी खूण केव्हाच कुजून गेली होती, म्हणून आजोबांनी ती जागा नकाशावर जपली होती. ठेकेदाराच्या कामाच्या यादीत ती चौथ्या क्रमांकावर होती.

निष्पत्ती

दुरुस्त केलेल्या नकाशावरून, पेन्सिलीच्या खुणांभोवती शोधाचे वर्तुळ ६० मीटरपर्यंत वाढवून, पुन्हा फेरी केली. छापील नऊ हरवलेल्या चक्क्यांपैकी सातांचे पाइप मिळाले. साध्या पाच वर्तुळांपैकी चार बोअर वापरात आहेत आणि पाचव्याचा पाइप गवतात सापडला. सहा फुल्यांपैकी एक म्हणजे कापणीच्या पात्याला लागलेला पाइप, आणि उरलेल्यांपैकी चार सापडले. आजीने सांगितल्याप्रमाणे दोन ठिकाणी खरोखरच कुजलेल्या फळीवर दगड होता, आणि फळीवर गवत उगवून ती जागा पाय ठेवण्यासारखी दिसत होती. एकूण १३ बोअर ठेकेदाराने एकाच खेपेत बंद केले आणि एनआरडीने खर्चातला आपला वाटा दिला.

तीन जागा सापडल्या नाहीत. त्यांपैकी एक ब्लोआउटच्या पोटात गेली आहे. चक्कीभोवती गुरे जमतात, गवत तुडवले जाते, आणि वारा नेमका तिथूनच वाळू उचलू लागतो, त्यामुळे पाइप कित्येक फूट वाळूखाली असण्याची शक्यता आहे. दुसरीकडे आता तळे आहे. तिसरी म्हणजे एक फुली, जिथे धातुशोधक काहीच बोलला नाही.

काय वेगळे करता आले असते

आजीला आधी विचारले असते तर फुलीचा प्रश्न अर्ध्या तासात सुटला असता, हे खरे आहे. पण मला वाटते की त्या वेळी आमचे प्रश्नही चुकले असते. “कोणते बोअर उघडे आहेत?” असे विचारले असते तर तिने कदाचित “माहीत नाही” म्हटले असते. तिला खुणा आठवत होत्या, यादी नव्हे, आणि खुणा आठवायला तो कागद समोर हवा होता. म्हणून योग्य क्रम असा झाला असता: प्रथम स्कॅन, लगेच त्याची मोठी प्रत तिच्यासमोर, आणि संगणकावरचे काम त्यानंतर.

स्कॅन जमिनीवर बसवण्यासाठी समासातले आकडे टंकण्याची गरज नव्हती. यूएसजीएसचे तयार स्कॅन आधीच योग्य चौकटीत बांधलेले होते. आमचे पत्रक त्यावर तंतोतंत पसरवले असते तर डेटमचा प्रश्न निर्माणच झाला नसता. तरीही समास वाचायला हवाच होता. स्थलनिर्देशक पत्रकात छायाचित्रे कोणत्या वर्षीची, प्रत्यक्ष पाहणी केव्हा झाली, डेटम कोणता, हे सगळे तिथेच असते.

उभ्या आठ चक्क्यांपाशी झेंड्या रोवण्याची कल्पना चांगली होती, पण त्यांच्यातले अंतर पाहिले आणि दिशा नोंदवली नाही. आठ ठिकाणी अंतर आणि दिशा दोन्ही एकाच कागदावर मांडली असती तर भाडेकरूने तिसऱ्या दिवशी विचारलेला प्रश्न मला पहिल्या संध्याकाळीच पडला असता. हवाई छायाचित्रे मागे ठेवण्याचा निर्णयही आज मी बदलेन. न सापडलेल्या फुलीपाशी पायवाटांचे आरे जुळतात का, हे त्यांतूनच कळेल, आणि ती मागवण्याचे काम अजून व्हायचे आहे.

एनआरडीला दिलेल्या यादीतून आणि नकाशाच्या डिजिटल प्रतीतून वर्तुळाविना असलेली फुली आम्ही वगळली आहे. मूळ पत्रक आता न घडी घालता आम्लविरहित पुठ्ठ्यात सपाट ठेवलेले असते. त्यावर खुणांचा अर्थ लिहून ठेवावा असे नातीला वाटत होते. पण तिने कागदाला हात लावला नाही. आजीने सांगितलेले वेगळ्या कागदावर उतरवून घेतले, खाली तारीख घातली आणि तो कागद त्याच पुठ्ठ्यात ठेवला. न सापडलेल्या तीन जागांपैकी ज्या फुलीवर काहीच मिळाले नाही, तिच्याभोवती भाडेकरू अजूनही पाते उचलून गवत उंच ठेवतो.